दिसतं ते मराठी, साठतं ते काय?

एखाद्या गणेश मंडळाच्या २००२ सालच्या स्मरणिकेची वर्डमधली फाइल आजच्या लॅपटॉपवर उघडून बघा. ओळी जागच्या जागी असतात, परिच्छेद असतात, मथळे ठळक दिसतात. अक्षरं मात्र रोमन, आणि त्यांचा काही अर्थ लागत नाही. मध्येच मोठा झेड, मध्येच तिरकी रेघ, मध्येच महिरपी कंस. फाइल बिघडलेली नसते, व्हायरसही नसतो. त्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच. होती ती रोमन अक्षरं, आणि त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवणारा एक फॉन्ट. फॉन्ट गेला, मुखवटा उतरला.

अशा फाइली घरोघरी आहेत, संस्थांच्या कपाटांतल्या सीडींवर आहेत, छापखान्यांच्या जुन्या हार्डडिस्कवर आहेत. शताब्दी अंक, ग्रामपंचायतींचे अहवाल, कुळवृत्तांत, दिवाळी अंक, अप्रकाशित हस्तलिखितं. हा सगळा ऐवज वाचवता येतो, पण त्यासाठी आत नेमकं काय घडलंय ते कळायला हवं.

संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. त्या क्रमांकाच्या जागी कोणतं चित्र दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो. १९९० च्या दशकातल्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ खण असायचे. इंग्रजीला ते भरपूर झाले. देवनागरीला मूळ अक्षरं, त्यांची अर्धी रूपं, मात्रा, रफार, रकार, अनुस्वारासह रफार, शिवाय द्य, द्ध, श्र, ष्ट्र यांसारखी जोडाक्षरं, एवढं सगळं तेवढ्यात कोंबावं लागलं. कोणत्या खणात काय ठेवायचं याला एक नियम नव्हता. तेव्हाच्या फॉन्टसंचांपैकी श्रीलिपीचा तक्ता वेगळा, आकृतीचा वेगळा, आयएसएमच्या योगेश-सुरेख घराण्याचा वेगळा, कृतिदेवचा आणखी वेगळा. म्हणून एका दुकानात जुळवलेली लग्नपत्रिका दुसऱ्या दुकानात उघडायची नाही.

कृतिदेवचं उदाहरण घेऊ, कारण त्याचा तक्ता सरळसरळ टाइपरायटरवरून आलेला आहे. ‘मराठी’ हा शब्द कृतिदेवच्या फाइलमध्ये असा असतो: ई, जे, के, मोठा बी, एच. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. पाच चिन्हं, पाच कळा, इथपर्यंत सोपं. आता ‘भ’ घ्या. त्याला एक कळ नाही. अर्धा भ् म्हणजे मोठा एच आणि त्याला जोडलेला काना म्हणजे के, दोन्ही मिळून भ. ‘भा’ हवा तर के पुन्हा एकदा. ख, घ, थ, ध, ण, श, ष, क्ष या सगळ्यांची हीच तऱ्हा. टाइपरायटरवर कळा मोजक्याच, म्हणून काना असलेल्या अक्षरांचा अर्धा भाग तेवढा कळेवर ठेवून काना वेगळा मारायची युक्ती निघाली. गोदरेजने १९५५ साली भारतातला पहिला टाइपरायटर बनवला. २००९ मध्ये त्यांनी उत्पादन थांबवलं, तोवर ही युक्ती लाखो बोटांत मुरली होती. संगणक आल्यावर त्या बोटांना नवं शिकवण्यापेक्षा संगणकालाच टाइपरायटर करून टाकणं सोपं वाटलं.

याहून मोठी अडचण क्रमाची. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारतात, अक्षर नंतर, कारण कागदावर ती डावीकडे असते. रफार अक्षरानंतर, कारण तो डोक्यावर उजवीकडे बसतो. म्हणजे ‘निर्विकार’ हा शब्द जुन्या फाइलमध्ये असा: वेलांटी, न, वेलांटी, व, रफार, क, काना, र. उच्चाराचा क्रम मात्र असा: न, वेलांटी, र, हलन्त (पाय मोडल्याचं चिन्ह), व, वेलांटी, क, काना, र. पहिला क्रम डोळ्यांचा, दुसरा जिभेचा. युनिकोड, म्हणजे जगातल्या लिपींतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी आजची प्रमाण संकेतावली, जिभेचा क्रम पाळतं. जुन्या मजकुराचं रूपांतर करताना जे जे बिघडतं, त्यातलं निम्मं या एका फरकातून येतं.

खरं तर शहाणा मार्ग आधीपासून तयार होता. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय लिपींच्या टर्मिनलवर काम झालं. तेच पुढे जिस्ट म्हणून पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. जिस्ट कार्ड संगणकाच्या खाचेत बसवलं की डॉसवरचे डीबेस, वर्डस्टार असले प्रोग्रॅम देवनागरीत चालायचे. इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा प्रमाण कळफलक १९८६ चा, आणि इस्की ही संकेतावली भारतीय मानक १३१९४ म्हणून १९९१ मध्ये पक्की झाली. इस्कीत चित्र साठवत नसत, अक्षर साठवत. अर्धा भ् असा वेगळा क्रमांकच नाही, भ आणि हलन्त. दाखवायचं कसं ते यंत्राने ठरवायचं. कल्पना अगदी बरोबर होती. पण संगणकावर छपाईची पानं जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याला हवं होतं पेजमेकर आणि कोरल, आणि या दोघांना इस्की कळत नव्हती. फॉन्ट मात्र नुसता विंडोजमध्ये टाकला की चालू. पत्रिका संध्याकाळपर्यंत द्यायची असताना प्रमाण संकेतावलीचा विचार कोण करणार? दुकानदाराला दोष देता येत नाही. पण त्या घाईचं देणं आपण अजून फेडतोय.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ चीच. त्यातला देवनागरीचा भाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे. सामान्य माणसाच्या टेबलावर ते पोचलं विंडोज २००० बरोबर. त्यातला ‘मंगल’ हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. पुढच्या विंडोज एक्सपीमध्ये सोय होती, पण झाकलेली. कंट्रोल पॅनेलमधल्या रिजनल सेटिंगमध्ये जाऊन गुंतागुंतीच्या लिपींची एक चौकट टिकमार्क करायची, मग एक्सपीची मूळ सीडी घालायची, मग संगणक पुन्हा सुरू करायचा. ज्यांच्याकडे सीडी नव्हती, आणि बहुतेकांकडे नव्हती, त्यांना वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडलेली आणि जोडाक्षरं सुटी झालेली दिसायची. ‘युनिकोडमध्ये मराठी नीट दिसत नाही’ हा समज तिथला, आणि तो अनेक कार्यालयांत नको इतका टिकला.

त्या काळात वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर ‘आमचा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी पट्टी असायची. सायबर कॅफेत फॉन्ट टाकायची परवानगी नसली की बातमी वाचता येत नसे. आणि वाचता आली तरी ती शोधयंत्राला सापडत नसे, कारण शोधयंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची रास होती. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, त्यावर लिहिलेलं आजही सापडतं, आणि त्याच वर्षीचे कित्येक अग्रलेख जालावर शोधून सापडत नाहीत.

मोबाइलवर आणखी एक फेरा झाला. सुरुवातीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांत देवनागरी फॉन्टच नव्हता, मराठी म्हणजे चौकोनांची माळ. त्यावर लोकांनी तोड काढली. ऑपेरा मिनीच्या कॉन्फिग पानावर जाऊन गुंतागुंतीच्या लिपींसाठी बिटमॅप फॉन्ट वापरायचा पर्याय ‘यस’ करायचा, की मजकूर चित्र होऊन यायचा. कॉपी करता येत नसे, पण वाचता यायचा. एसएमएसचंही तसंच. एका एसएमएसला जागा १४० बाइट. इंग्रजीत त्यात १६० अक्षरं मावतात, कारण तिथे एका अक्षराला सात बिट पुरतात. मराठीत एका चिन्हाला सोळा बिट, म्हणून चिन्हं फक्त ७०. त्यातही काना-मात्रा-हलन्त स्वतंत्र मोजले जातात, ‘क्षि’ या एका अक्षरातच चार संपतात. संदेश लांबला की जोडणीसाठी जागा जाऊन प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात. मराठी संदेश पाठवणाऱ्या संस्थेला दुप्पट-तिप्पट खर्च येतो तो या हिशोबाने. मोबाइलवर मराठी माणूस वर्षानुवर्षं रोमन लिपीत ‘कसा आहेस’ लिहीत राहिला, त्यामागे आवड कमी आणि ही अडचण जास्त होती. २०१७ मध्ये गूगलची बोलून टाइप करायची सोय मराठीत आली, आणि ज्यांनी कळफलक कधी शिकला नाही ते आजी-आजोबाही देवनागरीत लिहू लागले.

आता सगळं युनिकोड आहे, मग प्रश्न मिटला का? बराचसा. उरलेल्या चुका मात्र फसव्या, कारण त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

‘ॲ’ घ्या. ॲप, ॲड, ॲसिडिटी. याला स्वतःचा क्रमांक आहे, ०९७२, तो २००८ च्या आवृत्तीत मिळाला. त्याआधी, आणि आजही काही कळफलकांवर, लोक अ लिहून त्याच्यावर चंद्र देतात. दिसायला दोन्ही सारखे. संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. यादीत ‘ॲड.’ शोधलं तर निम्मे वकील सापडतात, निम्मे सापडत नाहीत. तिसरा प्रकार हिंदीतल्या ए-वरच्या चंद्राचा, म्हणजे ऍ, तो तर आणखी वेगळा क्रमांक.

विसर्गाचा घोळ याहून सार्वत्रिक. कळ सापडत नाही म्हणून ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘निःशुल्क’ यांत अपूर्णविराम मारला जातो. मग संगणकाला ‘दु’ हा एक शब्द आणि ‘ख’ हा दुसरा दिसतो. शब्दतपासणी लाल रेघ मारते, ओळीच्या शेवटी शब्द तुटू शकतो, शोधात तो मिळत नाही. फोनच्या कळफलकावर विसर्ग बहुधा अनुस्वाराच्या शेजारी किंवा त्याची कळ दाबून धरली की येतो. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून हायफनची कळ.

आणि ऱ. मराठीचं हे खास चिन्ह. आचार्यांना जेवायला बोलावतात आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाला. दर्या एकच, दऱ्या अनेक. इन्स्क्रिप्टवर साधा र जे कळेवर आहे, शिफ्ट-जे मारलं की ऱ येतो. त्यापुढे डी म्हणजे हलन्त, मग य. साधा र घेतलात तर रफार होणार आणि अर्थ बदलणार. इन्स्क्रिप्ट शिकायला अवघड आहे असं उगाच म्हणतात. डावा हात स्वरांचा, उजवा व्यंजनांचा. अल्पप्राण साध्या कळेवर, महाप्राण बहुतेक त्याच कळेवर शिफ्टने. क के-वर, ख शिफ्ट-के. ‘मराठी’ म्हणजे सी, जे, ई, शिफ्ट-अवतरणचिन्ह, आर. दिवसाला अर्धा तास दिला तर पंधरवड्यात हात बसतो, आणि साठतं तेही चोख. विंडोज १० वर मराठी भाषा जोडली की तो कळफलक येतो. २०१९ च्या मे अद्ययावतीनंतर उच्चारानुसार लिहायचा कळफलकही मिळतो. टाइपरायटरच्या रेमिंग्टन कळफलकाची सवय सुटत नसेल तर तेच कळस्थान ठेवून युनिकोड देणारी साधनं आहेत. ती वापरा, पण जुना फॉन्ट नको.

शिरोरेषेखाली ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर तो फॉन्टचा दोष समजू नका. मात्रेच्या आधी अक्षर नाही, किंवा दोन मात्रा एकापुढे एक आल्यात, असं यंत्र सांगतंय. ते चिन्ह खोडून पुन्हा लिहायचं. खोडताना बॅकस्पेस वापरा, तो एकेक चिन्ह मागे काढतो. डिलीट अख्खं अक्षर उडवतो.

आता जुन्या फाइलींचं काम. हे शांतपणे करायचं असतं.

पहिल्यांदा मूळ फाइलीची प्रत, आणि मूळ फाइलीला पुन्हा हात लावायचा नाही. वर्डमध्ये मजकुरावर क्लिक करा. वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव दिसतं, फॉन्ट संगणकावर नसला तरी दिसतं. तेच नाव सगळ्यात मोलाचं, ते लिहून ठेवा. एकाच फाइलीत मथळ्याला एक घराणं आणि मजकुराला दुसरं, असं सर्रास असतं. सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवायचा मोह आवरा. तसं केलं की फॉन्टची माहिती जाते, आणि मजकुरातले खरे इंग्रजी शब्द, ईमेल पत्ते, संक्षेप हे सगळे मराठी समजून रूपांतरित होतात. ‘पीडीएफ’ हा रोमन शब्द कृतिदेवच्या तक्त्यातून काढला तर जे बाहेर येतं ते ओळखता येत नाही. म्हणून फॉन्ट बघून रूपांतर करणारं साधन घ्या, आणि फाइल फॉन्टची माहिती जपणाऱ्या डॉक किंवा आरटीएफ स्वरूपातच द्या. आयएसएम आणि श्रीलिपीच्या पुढच्या आवृत्त्यांबरोबर त्यांचे स्वतःचे परिवर्तक येतात. त्या घराण्यांसाठी तेच सगळ्यात भरवशाचे. पेजमेकरची फाइल असेल तर तो प्रोग्रॅम चालणारा एखादा जुना संगणक शोधून तिथून आरटीएफ काढावी लागते. तो संगणक बंद पडायच्या आत.

पूर्ण पुस्तक टाकण्याआधी जुन्या फॉन्टमध्ये एक ओळ टाइप करून ती रूपांतरित करा. ही चालेल: ‘कार्यालयातल्या आचाऱ्याने दोन वर्षांनी, ऑक्टोबरच्या २५ तारखेला, बॅगेतली द्राक्षं श्रद्धाच्या निर्विकार धाकट्या भावाला दिली.’ रफार, ऱ्य, अनुस्वारासह रफार, दोन्ही चंद्र, आकडे, क्ष, श्र, द्ध, वेलांटी आणि रफार एकत्र, सगळं तिच्यात आहे.

बिघाडही ठरलेले. ‘स्थिती’चं ‘सि्थती’ झालं, तर परिवर्तकाने वेलांटी एकच घर पुढे नेली, अख्ख्या जोडाक्षरापलीकडे नेली नाही. ‘कार्यक्रम’चं ‘कायर्क्रम’ झालं, तर रफार मागे न्यायचा राहिला. पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुरातही ही दोन रूपं भेटतात, कारण तिथे चित्रांचा क्रम साठवलेला असतो. ‘दऱ्या’च्या ‘दर्या’ झाल्या तर ऱ च्या खणाचं भाषांतर चुकलंय. हे सर्वांत धोक्याचं, कारण शब्दतपासणी ते पकडणार नाही. श अर्धवट येत असेल तर कारण वेगळंच: कृतिदेवमध्ये अर्धा श् सरळ अवतरणचिन्हाच्या कळेवर आहे, आणि वर्डने ते चिन्ह आपल्या सवयीने आपोआप वळवून ठेवलेलं असतं. वळलेलं चिन्ह परिवर्तकाच्या तक्त्यात नसेल तर श गळतो. आधी ती चिन्हं सरळ करून घ्यायची. वर्डची वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करायची खोडही अशीच मजकुरात घाण करून ठेवते. छोटा ई मोठा झाला की म चा अर्धा म् होतो.

एक्सेलच्या याद्यांत आकड्यांचे स्तंभ वेगळे काढा, फक्त नावांचे स्तंभ रूपांतरित करा. नंतर क्रमवारी लावलीत तर ळ कडे बघा. क्रमांकानुसार तो ल आणि व यांच्यामध्ये बसतो, मराठी वर्णमालेत त्याची जागा ह च्या पुढे. निव्वळ क्रमांक बघणारा प्रोग्रॅम त्याला मध्येच घुसवतो.

छपाईवाले जुन्या फॉन्टांना चिकटून राहिले ते सुलेखनाच्या देखण्या वळणांसाठी, आणि ती तक्रार एके काळी रास्त होती. आज ‘मुक्त’, ‘बालू’ हे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे फॉन्ट, किंवा तिरो देवनागरी मराठी, फुकट आणि परवान्यासह मिळतात. तिरोमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं आहेत. इनडिझाइनमध्ये अक्षरं फुटली तर परिच्छेदाच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधल्या टाइप या भागात तसाच पर्याय आहे. जोडाक्षरं तिथल्या तिथे जुळतात.

रूपांतर झालेल्या मजकुरात शंका आली तर वर्डमध्ये त्या अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबा. अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक येतो, पुन्हा दाबलं की अक्षर परत. ऱ पुढे ०९३१ यायला हवा. ॲ पुढे ०९७२ आला तर ठीक. ०९४५ आला तर तो अ-वर चढवलेला चंद्र आहे, शोधा-बदला वापरून सगळ्या फाइलीत एकदम बदलून घ्या.